लोहाराच्या मुलाचे इंजिन

बँकेत असताना मोटारसायकलच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. कर्जदाराला व्याजाचा दर ठाऊक नसे. पण गाडी लिटरला किती अ‍ॅव्हरेज देते, ते तोंडपाठ असे. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि या आकड्यावर घरोघरी चर्चा झडू लागल्या. गंमत अशी, की ज्यांच्या नावाची ही गाडी, त्या सोइचिरो होंडांना वेड होते ते वेगाचे.

17 नोव्हेंबर 1906 रोजी जपानमध्ये हामामात्सुजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करीत. पोरगा पंधराव्या वर्षी टोकियोच्या गॅरेजात उमेदवारीला लागला. 1936 मध्ये मोटारशर्यतीत जबर अपघात झाला. पुढे काढलेला पिस्टन रिंगांचा कारखाना बॉम्ब आणि भूकंप यांनी मोडला. उरलासुरला त्यांनी विकून टाकला.

युद्धानंतर जपानात पेट्रोलचा दुष्काळ होता. 1946 मध्ये होंडांना लष्करी वायरलेस संचाचे छोटे इंजिन मिळाले. ते त्यांनी सायकलला जोडले. टाकी म्हणून शेकण्याची गरम पाण्याची बाटली! पत्नी साची यांनी ती चालवून पाहिली. पेट्रोलमध्ये पाइनच्या मुळांचे टर्पेंटाइन मिसळीत. थेंबाची किंमत होंडा इथे शिकले, असे मला वाटते.

तेव्हाची लहान इंजिने बहुधा टू-स्ट्रोक. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरी आठवा. पेट्रोलमध्ये ऑइल आणि मागे निळा धूर. अशा इंजिनात जळालेला वायू बाहेर पडताना ताजे मिश्रणही थोडे निसटते, म्हणजे पैसे मोजलेले पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून जाते. फोर-स्ट्रोकमध्ये ही गळती जवळजवळ थांबते. मात्र दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होत असल्याने जोर कमी पडतो. होंडांनी इंजिन अधिक वेगाने फिरवून तो भरून काढला. वेगाचे वेड असे काटकसरीच्या कामी आले.

1951 च्या जुलैत त्यांची 146 सीसीची फोर-स्ट्रोक ‘ड्रीम ई’ भर वादळी पावसात हाकोने घाट चढली. चालक होते तरुण अभियंता कियोशी कावाशिमा. मागून मोटारीत होंडा. 1958 मध्ये सुपर कब आली. 49 सीसीतून साडेचार अश्वशक्ती, तीही मिनिटाला 9,500 फेऱ्यांवर! 2017 पर्यंत या घराण्यातल्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. मधल्या काळात भांडवलाच्या कित्येक पट किमतीची यंत्रे परदेशातून मागवून 1954 मध्ये कंपनी बुडता बुडता वाचली, मित्सुबिशी बँकेच्या आधाराने. ती फाइल माझ्याकडे आली असती तर मी शेरा मारून परत पाठवली असती.

अमेरिकेत कबला वेगळीच वाट सापडली. आयडाहोतील बॉइझी गावच्या एका विक्रेत्याने मागचे स्प्रॉकेट मोठे बसवून ती डोंगरात नेली. त्याने चढणीचा जोर वाढतो, पण चाकाच्या एका फेरीला इंजिन जास्त फिरते, वेग घटतो आणि सपाटीवर पेट्रोलही जास्त लागते. त्याचा खप पाहून कंपनीने स्वतःच ‘ट्रेल’ गाडी काढली. रस्ता आणि रानवाट दोन्ही जमणाऱ्या गाडीचे खरे कोडे हेच. 1972 च्या एक्सएल 250 ने त्याला होंडांच्या पद्धतीचे उत्तर दिले: एकच सिलिंडर, फोर-स्ट्रोक, पण व्हॉल्व्ह चार, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास. रानवाटांवर तेव्हा यामाहाच्या टू-स्ट्रोकचे राज्य होते. निव्वळ मातीतल्या शर्यतींसाठी मात्र होंडा कंपनीलाही 1973 मध्ये टू-स्ट्रोक ‘एल्सिनोर’ काढावी लागली.

हट्टाची दुसरी बाजूही होती. मोटारीचे इंजिनही हवेनेच थंड झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. 1968 मध्ये फ्रान्समधील शर्यतीत तशाच होंडा गाडीला अपघात होऊन आग लागली आणि चालक जो श्लेसर दगावला. तरुण अभियंत्यांशी त्यांचे वाद झाले, आणि अखेर होंडांनी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला होकार दिला.

1973 मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी अध्यक्ष झाले ते हाकोने चढलेले कावाशिमा. 5 ऑगस्ट 1991 रोजी होंडा गेले. कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा काढू नये, रस्त्यावर वाहने खोळंबतील, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते.