अदृश्य लहरींचे परीक्षक

रेडिओच्या लहरी डोळ्यांस दिसत नाहीत आणि कानांस ऐकू येत नाहीत. मग त्यांची परीक्षा घ्यावी कशी? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या उपकरणांनी दिले, त्या थोर शास्त्रज्ञांपैकी एक म्हणजे जगदीशचंद्र बसू होत.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. वडील सरकारी अधिकारी. तरीही त्यांनी मुलास प्रथम मातृभाषेच्या शाळेत घातले. पुढे जगदीशचंद्रांनी कोलकात्यास आणि इंग्लंडातील केंब्रिज येथे शिक्षण घेतले. १८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

तेथे हिंदी प्राध्यापकांस इंग्रजांपेक्षा कमी वेतन मिळत असे. हा अपमान जगदीशचंद्रांस सहन झाला नाही. घरी कर्जाचा भार होता. तरी तीन वर्षे त्यांनी वेतनाला स्पर्श केला नाही आणि अध्यापनात कसूरही केली नाही. अखेर सरकार नमले. त्यांस पूर्ण वेतन मागील थकबाकीसह मिळाले.

याच सुमारास हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने रेडिओलहरींचे अस्तित्व सिद्ध केले. परंतु त्याच्या लहरी लांब होत्या. त्या वळविण्यासाठी त्याला माणसाएवढा प्रचंड डांबरी लोलक घडवावा लागला. लहरी आखूड केल्या, तर उपकरणेही लहान होतील, हे जगदीशचंद्रांनी जाणले. कॉलेजात सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या साह्याने त्यांनी कामास आरंभ केला. त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या आणि टेबलावर मावतील अशी उपकरणे रचली. प्रकाशाप्रमाणेच या लहरी परावर्तन पावतात व वळतात, हे त्यांनी पडताळून पाहिले. रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाड पुस्तकही त्यांच्या उपयोगी पडले! ते एका दिशेने धरले असता लहरी आरपार जात. फिरवून धरले असता अडत.

१८९५ साली कोलकात्यात त्यांनी भिंतीपलीकडे तारेवाचून लहरी पाठविल्या. त्या लहरींनी दूरची घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली! १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील विद्वानांपुढेही त्यांनी आपले प्रयोग करून दाखविले.

लहरी ओळखण्यासाठी त्यांनी गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग केला. मित्रांच्या आग्रहामुळे या शोधाचे अमेरिकन पेटंट १९०४ साली त्यांच्या नावे झाले. परंतु त्यापासून धन मिळविण्याची इच्छा त्यांनी धरली नाही. ज्ञान सर्वांचे आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांचा अभ्यास करू लागले. १९१७ साली त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञानमंदिराची स्थापना केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज आकाशाचे निरीक्षण करणाऱ्या रेडिओ दुर्बिणींत आणि दूरसंचाराच्या यंत्रांत मिलिमीटरने मोजल्या जाणाऱ्या लहरींचा उपयोग होतो. त्या लहरींची परीक्षा एका लहानशा खोलीत, मोजक्या साधनांनी झाली होती. साधने थोडी असली, तरी बुद्धी सूक्ष्म आणि मन स्वाभिमानी असले, म्हणजे थोर कार्य घडते, हेच जगदीशचंद्रांच्या चरित्रावरून दिसून येते.