खचलेल्या मनाच्या हाती कुदळ

वरोऱ्यात पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम आणि त्याला पाहून पळालेले बाबा आमटे ही कथा आपल्याकडे इतक्यांदा सांगितली गेली आहे, की तिचा उत्तरार्ध गळूनच गेला. बाबा पळाले, लाजेने परतले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. इथे आपण कथा संपवतो. भीती मात्र तुळशीरामबरोबर मेली नव्हती. पुढचे जवळजवळ सहा महिने ती या माणसाला पोखरत होती. मला कुतूहल आहे ते या सहा महिन्यांचे.

कारण हा माणूस भित्रा नव्हे. 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटला जन्मलेला, जमीनदाराघरचा मुरलीधर देविदास आमटे शिकारीला जाई, मोटार उडवी, इंग्रजी चित्रपटांवर परीक्षणे लिही. वरोऱ्यात वकिली करताना 1942 च्या आंदोलनात अटक झालेल्यांची बाजू त्याने मांडली, स्वतः तुरुंगात गेला. आगगाडीत गोऱ्या शिपायांशी भिडला म्हणून गांधीजींनी त्याला अभयसाधक ठरवले. नगरपालिकेत असताना मैल्याची टोपली डोक्यावरून वाहिली. असा माणूस एका झडलेल्या देहापुढे हादरतो, आणि विचार करकरूनही त्यातून सुटत नाही.

तो सुटला कसा? पुन्हा त्या रोगाजवळ जाऊन. कुष्ठरुग्णांच्या जखमा धुतल्या, 1949 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला, आणि प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतू टोचून घ्यायला दंड पुढे केला. शरीर आधी गेले, मन मागून आले.

बाबांना नैराश्याचा आजार होता असे मी म्हणत नाही. भीती वेगळी, नैराश्य वेगळे. पण नैराश्यावर बोलण्यातून जे उपचार केले जातात त्यांची तुलना करू लागले, की हाच प्रश्न आडवा येतो: आधी मन बदलायचे की आधी वागणे?

फ्रॉइडच्या परंपरेतला उपचारक रुग्णाला त्याच्या बालपणात नेतो. दडपलेले वर आले की गाठ सुटेल ही त्यामागची श्रद्धा. काम वर्षानुवर्षांचे आणि खर्चाचे. त्याच परंपरेत तयार झालेल्या अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात फिलाडेल्फियात वेगळी वाट धरली. मी नालायक आहे, पुढे सगळा अंधार आहे, हे नैराश्यातले विचार पुराव्यावर तपासायला ते रुग्णाला शिकवू लागले. ही विचारपद्धती, तिला वर्तनाची जोड. तिसरी पद्धत क्लर्मन आणि वाइसमन यांची, नात्यांकडे पाहणारी: कोण गेले, कोणाशी बिनसले, आयुष्यातली कोणती भूमिका बदलली, एकटेपण कुठे आहे. चौथी दिसायला सर्वांत साधी. माणूस खचला की कामे सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे बरे वाटण्याचे प्रसंगच उरत नाहीत आणि तो आणखी खचतो. हा फेरा कृतीच्या टोकाकडून तोडायचा. उमेद येण्याची वाट न पाहता एक लहानशी गोष्ट ठरवायची, करायची, मग कसे वाटले ते समुपदेशकाशी बोलायचे.

ही साधी पद्धत दुय्यम ठरेल असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत 1996 मध्ये जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा नुसता कृतीचा भाग पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी निघाला. इंग्लंडमध्ये 440 रुग्णांवरच्या 2016 च्या अभ्यासात, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कनिष्ठ कार्यकर्त्यांनी दिलेला कृतीचा उपचार मुरलेल्या मानसोपचारकांच्या विचारपद्धतीपेक्षा कमी पडला नाही, आणि स्वस्त पडला.

आनंदवनाकडे मी या चष्म्यातून पाहतो. 1951 मध्ये सहा कुष्ठरुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय घेऊन बाबा आणि साधनाताई वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर राहायला गेले. पहिले मोठे काम विहिरीचे. बोटे झडलेले हात, आणि त्यात कुदळ! दयाळू माणसाने त्यांना भाकरी दिली असती, बसायला सावली दिली असती. घरच्यांनी टाकलेल्या, आपण आता कशालाही उपयोगी नाही हे मनोमन मान्य करून बसलेल्या या माणसांना, तुम्ही उपयोगी आहात असे बाबा शंभरदा सांगू शकले असते. पण विहिरीला लागलेल्या पाण्याइतका तो पुरावा पक्का झाला नसता.

इथे एक धोका आहे. खचलेल्या माणसाला आपण सगळेच म्हणतो, ऊठ, कामाला लाग. तो उपचार नव्हे, ती टोचणी आहे. कष्टच औषध असते तर दिवसभर चिखलात वाकून धान रोवणारी, उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्त्याला जाणारी आमच्याकडची बाई कधी निराश झालीच नसती. आनंदवनातल्या कष्टात आणखी काही होते: काम आपले होते, पाणी आपल्या शेताला जाणार होते, आणि सांगणारा माणूस स्वतः खड्ड्यात उतरलेला होता. शिवाय नाती. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक तिथला भाजीपाला घेत नसत. 1954 मध्ये परदेशी स्वयंसेवक येऊन बांधकामात राबले, त्या वस्तीत जेवले, तेव्हा गावाची भीती ओसरू लागली. पुढे आनंदवनात लग्ने लागली, संसार झाले. चौथ्या पद्धतीला तिसरीची जोड आपोआप मिळाली. म्हणूनच पद्धतींमध्ये कुस्ती लावून एकच जिंकली असे जाहीर करणे मला पटत नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर या उपचारांच्या गुणात फरक थोडाच दिसतो. फरक पडतो तो उपचार कोण देऊ शकेल यात.

आणि चंद्रपूर-गडचिरोलीत तोच खरा प्रश्न आहे. सिरोंचा किंवा एटापल्लीच्या माणसाने दर आठवड्याला मानसोपचारकाकडे जायचे तर कुठे जायचे? गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना कृतीचा उपचार शिकवला. सहा ते आठ बैठका, केंद्रावर किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते; नेहमीच्या सुधारित सेवेवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण 39 टक्के होते. जे उरले त्यांना यापेक्षा अधिक हवे होते, हेही त्या आकड्यातच आहे. मरणाचे विचार येत असतील, खाणेपिणे सुटले असेल, तर डॉक्टर आणि औषध लागतेच; 14416 हा सरकारी टेलिमानस दूरध्वनी 2022 पासून चालू आहे.

गावातल्या बाईला हे जमेल का, ही शंका निदान गडचिरोलीने तरी काढू नये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी शिकवली. घरोघर दिलेल्या त्या सेवेने अर्भकमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये जगाने वाचले. जिला गुदमरलेले बाळ हाताळता येते, तिला शेजारणीजवळ बसून उद्याची एक लहान गोष्ट ठरवता येणार नाही काय?

अडचण आहे ती भाषेची. बाबांनी 1973 मध्ये भामरागडच्या रानात हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा प्रकाश आणि मंदाताईंकडे प्रथम रुग्णच येत नव्हते. त्यांना माडिया शिकावी लागली. जखमेवर मलमपट्टी खुणांनीही करता येते, बोलण्याच्या उपचाराला मात्र बोलीच लागते. नागपुरात छापलेल्या मराठी पुस्तिकेने ते काम होणार नाही.

बाबांचा स्वतःचा कणा तोवर निकामी होत चालला होता. त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. तशाच अवस्थेत 1985 मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडोला निघाले, बसमध्ये झोपून. 1990 पासूनची पुढची कित्येक वर्षे नर्मदेच्या काठी, कसरावदला काढली. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात ते गेले. त्याला आता दीड तप होत आले. त्यांना तिथेच, ज्या माळाचा खडक सहा जणांनी फोडला होता त्याच मातीत पुरण्यात आले.