तोरक्वातो तास्सो आणि फेर्राराचा दरबार

पाश्चात्त्य महाकाव्यविचाराचा परामर्श घेताना ॲरिस्टॉटलवरून एकदम मिल्टनकडे वळण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. या दोहोंच्या दरम्यान उभा असलेला इटालियन कवी तोरक्वातो तास्सो (१५४४–१५९५) बहुधा एखाद्या वाक्यापुरताच येतो, आणि त्या वाक्यातही त्याचे काव्य मागे पडून त्याचे वेड तेवढे पुढे येते. राजघराण्यातील स्त्रीवर प्रेम जडलेला आणि त्यापायी राजाच्या रोषाला पात्र ठरून कोंडला गेलेला कवी, ही ती परिचित प्रतिमा होय. गेटेच्या १७९० मधील नाटकाने व बायरनच्या १८१७ मधील काव्याने ती युरोपभर रूढ होण्यास मोठा हातभार लावला. १८९५ साली आंजेलो सोलेर्ती या अभ्यासकाने तीन खंडांत कागदपत्रांसह तास्सोचे चरित्र सिद्ध केले, तेव्हा या प्रेमकथेचा पाया ढासळला. तथापि ती कथा नाहीशी झाली म्हणजे प्रश्न संपत नाही. प्रेम हे कारण नव्हते, तर आल्फोन्सो दुसरा या सुसंस्कृत म्हणून गाजलेल्या ड्यूकने स्वतःच्या दरबारचा सर्वश्रेष्ठ कवी सात वर्षांहून अधिक काळ रुग्णालयात का अडकवून ठेवला, याचे उत्तर द्यावेच लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते उत्तर तास्सोच्या मनात जितके आहे तितकेच फेर्रारा राज्याच्या राजकीय स्थितीत आहे.

तास्सोचा जन्म ११ मार्च १५४४ रोजी नेपल्सजवळील सोर्रेंतो येथे झाला. त्याचा पिता बेर्नार्दो हा मूळचा बेर्गामोच्या घराण्यातला, स्वतः नामवंत कवी आणि सालेर्नोचा प्रिन्स फेर्रांते सानसेवेरीनो याचा चिटणीस होता. १५४७ मध्ये नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयने तेथे धर्मन्यायपीठ आणण्याचा घाट घातला, त्याला शहराने विरोध केला आणि शहराची बाजू मांडण्यासाठी हा प्रिन्स सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला. पुढे त्याच्यावर खप्पामर्जी होऊन १५५२ मध्ये तो राजद्रोही ठरला. धन्याबरोबर चिटणीसही देशोधडीला लागला. दहा वर्षांचा तोरक्वातो १५५४ मध्ये आईला आणि बहीण कोर्नेलियाला मागे ठेवून पित्याकडे रोमला गेला. आई पोर्त्सिया १५५६ मध्ये वारली. मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही. आश्रयदात्याचे दैव फिरले की आश्रिताचे घर उद्ध्वस्त होते, हा धडा तास्सोला असा बालवयातच मिळाला होता. त्याच्या पुढील आयुष्यातील संशयग्रस्ततेची चर्चा करताना हे आरंभीचे प्रकरण अनेकदा नजरेआड केले जाते, ते उचित नाही.

शिक्षणाची वर्षे थोडक्यात सांगता येतील. ऊर्बीनोच्या दरबारात तेथील राजपुत्राबरोबर त्याचा अभ्यास झाला. नंतर पादुआ येथे आधी कायदा आणि मग तत्त्वज्ञान व साहित्य यांकडे तो वळला. अठराव्या वर्षी, १५६२ मध्ये, त्याचे ‘रिनाल्दो’ हे वीरकाव्य व्हेनिसमध्ये छापून आले. बोलोन्याच्या विद्यापीठातून मात्र उपहासपर पद्यरचनेच्या आरोपावरून १५६४ मध्ये त्याला बाहेर पडावे लागले. १५६५ साली तो कार्डिनल लुईजी द’एस्ते याच्या सेवेत रुजू होऊन फेर्राराला आला. १५७२ पासून तो कार्डिनलचा भाऊ ड्यूक आल्फोन्सो याच्या प्रत्यक्ष पदरी होता. दरबाराने त्याच्यावर विद्यापीठातील भूमितीच्या अध्यापनाचाही भार टाकला होता. वेतनाची सोय लावण्यासाठी निर्माण झालेली अध्यापकपदे ही काही आपल्याच काळाची निर्मिती नव्हे.

या फेर्राराचे स्वरूप थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. पो नदीच्या खोऱ्यातील हे राज्य आकाराने लहान. परंतु बोइआर्दो आणि आरिओस्तो या दोघांचीही महाकाव्ये एस्ते घराण्याच्या छायेत जन्मली होती. आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ची १५१६ ची पहिली आणि १५३२ ची अखेरची सुधारित आवृत्ती फेर्रारातच निघाली. म्हणजे महाकाव्य हा येथे जणू राज्यकारभाराचाच एक विभाग होता. त्यामागे कारण होते. मोदेना व रेज्जो हे एस्ते घराण्याचे प्रदेश सम्राटाच्या अधिसत्तेखाली येत, तर खुद्द फेर्रारा ही पोपने दिलेली जहागीर होती. औरस वारस नसेल तर ती पोपकडे परत जाणार हे उघड होते. १५६७ मध्ये पाचव्या पायस पोपने अशा जहागिरींवर अनौरस संततीचा हक्क चालणार नाही असे फर्मान काढले. आल्फोन्सोने तीन विवाह केले, परंतु एकापासूनही त्याला अपत्य झाले नाही. दुसरीकडे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याशी त्याचा मानापमानाचा तंटा चालू होता. १५६९ मध्ये कोझिमो मेदिचीला पोपकडून ग्रँड ड्यूक ही पदवी मिळाल्यावर तो अधिकच चिघळला. व्यापारातून वर आलेल्या मेदिचींच्या तुलनेत आपण प्राचीन कुळातले, हा एस्ते घराण्याचा मुख्य युक्तिवाद होता. तास्सोने पहिल्या धर्मयुद्धावरील आपल्या महाकाव्यात रिनाल्दो हा तरुण वीर एस्ते वंशाचा पूर्वज म्हणून उभा केला, तेव्हा तो केवळ स्तुतिपाठ करीत नव्हता. राज्याच्या एका निकडीच्या दाव्याला तो काव्याचा पुरावा जोडीत होता. आश्रयाचे हे मोल दोन्ही पक्षांना नेमके ठाऊक होते.

आणखी एक नाजूक बाब होती. आल्फोन्सोची आई रेने ही फ्रान्सची राजकन्या. सुधारणावादी पंथाकडे तिचा ओढा होता आणि १५३६ मध्ये खुद्द कॅल्व्हिन फेर्राराला येऊन राहिला होता. पुत्र गादीवर आल्यावर १५६० मध्ये ती फ्रान्सला परतली; पण पाखंडाचा डाग या दरबारावरून पुरता पुसला गेला नाही. वारस नसलेल्या आणि पोपच्या मेहेरबानीवर टिकून असलेल्या राज्यकर्त्याला धर्मन्यायपीठाचे लक्ष आपल्या वाड्याकडे वळणे कितपत परवडले असते, याची कल्पना यावरून करता येईल.

१५७३ च्या उन्हाळ्यात तास्सोचे ‘आमिंता’ हे गोपनाट्य रंगले. पो नदीतील बेल्व्हेदेरे बेटावरच्या उद्यानात त्याचा प्रयोग झाला असे परंपरा सांगते. या लहानशा नाटकातील निर्भर सहजता तास्सोला पुन्हा लाभली नाही. १५७५ मध्ये त्याचे महाकाव्य वीस सर्गांत पूर्ण झाले आणि येथूनच त्याच्या दुर्दैवाला आरंभ झाला. छापण्यापूर्वी त्याने ते रोममधील विद्वानांकडे परीक्षणार्थ धाडले. सिपिओने गोन्झागा हा त्यांतला स्नेही. परंतु स्पेरोने स्पेरोनी हा ॲरिस्टॉटलनिष्ठ कठोर पंडित होता आणि सिल्विओ आंतोनिआनो हा धर्मदृष्ट्या त्याहून कठोर होता. एकाने कथानकाच्या एकतेवर बोट ठेवले, तर दुसऱ्याला काव्यातील प्रणयप्रसंग व मायावी चमत्कार खटकले. ओलिंदो व सोफ्रोनिया या प्रेमी युगुलाचे आख्यान कथेशी नीट जोडलेले नाही हा आक्षेप तर सर्वांत तापदायक ठरला. ट्रेंट येथील धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली होती. शृंगार आणि वीर यांचा आरिओस्तोने मांडलेला मुक्त खेळ आता कोणालाच शक्य नव्हता. विशेष हे की, तास्सोने ही तपासणी स्वतःहून ओढवून घेतली. परीक्षकांशी त्याने पत्रांतून कडाडून वाद घातला, आणि त्याच वेळी त्यांचे म्हणणे खरे असेल या धास्तीने तो पोखरला गेला. त्याच्या प्रतिभेचा गाभा आणि त्याच्या श्रद्धेचा गाभा यांत पडलेली ही फूट पुढे सांधली गेली नाही.

आपण नकळत पाखंडी तर झालो नाही ना, या शंकेने तो धर्मन्यायाधीशांपुढे आपण होऊन हजर झाला. त्यांनी त्याला निर्दोष ठरविले. त्याचे समाधान झाले नाही. निर्णय योग्य रीतीने झालाच नाही असे तो म्हणू लागला आणि दरबारातील इतरांविषयीही बोलू लागला. ड्यूकच्या दृष्टीने धोका येथे होता. कवीचे वेड त्याने कदाचित सोसले असते. कवीचा कबुलीजबाब त्याला सोसण्यासारखा नव्हता. जून १५७७ मध्ये, ड्यूकची बहीण लुक्रेत्सिया हिच्या महालात, हेरगिरीच्या संशयावरून तास्सोने एका नोकरावर सुरी फेकली. त्याला नजरकैदेत ठेवण्यात आले. जुलैत तो पळाला आणि वेष पालटून सोर्रेंतोला बहिणीच्या दारी पोहोचला. हा प्रवास फार लांबचा होता. कोर्नेलियाने त्याला ठेवून घेतले. येथे तो राहिला असता तर, असा विचार चरित्र वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु हस्तलिखित फेर्रारात होते आणि दरबाराबाहेर आपण कोण, हे त्याला उमजत नव्हते. १५७८ मध्ये तो परतला, पुन्हा निघाला, मांतुआ, ऊर्बीनो, तूरीन असा भटकला आणि फेब्रुवारी १५७९ मध्ये पुन्हा फेर्राराच्या वेशीत आला. आल्फोन्सोच्या तिसऱ्या विवाहाची, मार्गेरिता गोन्झागा हिच्या आगमनाची धामधूम चालू होती. कवीकडे कोणी लक्ष दिले नाही. मार्चमध्ये त्याचा तोल सुटला, भर वाड्यात त्याने ड्यूकला शिव्याशाप दिले आणि त्याला सांत’आन्नाच्या रुग्णालयात डांबण्यात आले.

पहिले सुमारे चौदा महिने कडक कोंडीचे होते. नंतर खोली बदलली, भेटीगाठींना मुभा मिळाली. मोंतेन १५८० च्या नोव्हेंबरात फेर्रारात होता. तास्सोला पाहिल्याची आणि त्या दर्शनाने कणवेपेक्षा चीडच अधिक आल्याची नोंद त्याने निबंधात केली आहे. त्याच्या प्रवासाच्या रोजनिशीत मात्र या भेटीविषयी अक्षरही नाही. वेड खरे होते की लादलेले, या वादात पक्ष घेण्याचा मोह टाळलेला बरा. तास्सोला भास होत, चेटूक झाल्याची भीती वाटे, वस्तू पळविणारा एक खोडकर पिशाच्च खोलीत वावरतो असे तो पत्रांतून कळवी आणि नामांकित वैद्याकडे उपाय विचारी. आजार नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच भिंतींआड त्याने आपल्या तात्त्विक संवादांपैकी बरेचसे लिहिले, आणि आज उपलब्ध असलेल्या त्याच्या सुमारे सतराशे पत्रांपैकी पुष्कळशी तेथलीच आहेत. त्यांतली तर्कशुद्धता पाहता बंदिवासाची मुदत ठरविताना केवळ वैद्यकीय विचार झाला असे म्हणवत नाही.

दरम्यान काव्य त्याच्या हातून निसटले. १५८० मध्ये व्हेनिसला त्याच्या अनुमतीवाचून एक अपुरी आवृत्ती निघाली, आणि १५८१ मध्ये ‘जेरुसलेम्मे लिबेराता’, म्हणजे जेरुसलेमची मुक्ती, या नावाने पूर्ण काव्य बाहेर पडले. हे नाव कवीने दिलेले नव्हते. ग्रंथ सर्वत्र वाचला जात होता; कवीच्या हाती त्याचा पैसा आला नाही. काव्याच्या गौरवार्थ कामिल्लो पेल्लेग्रीनोने १५८४ मध्ये आरिओस्तोहून तास्सोला वर ठेवले, त्यावर फ्लॉरेन्सची क्रुस्का अकादमी तुटून पडली. तास्सोची भाषा अशुद्ध, क्लिष्ट, लॅटिनाळलेली असा तिचा रोख होता. वाद भाषेचा खरा, पण एस्ते घराण्याच्या कवीवर मेदिचींच्या शहरातून हल्ला होत होता हेही विसरता येत नाही. गंमत अशी की, या हल्ल्याचा सूत्रधार लेओनार्दो साल्व्हिआती हाच १५८७ मध्ये फेर्राराच्या दरबारी आश्रयाला आला. प्रमाणभाषेच्या वादांत तत्त्व आणि वेतन यांचे नाते कसे असते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

जुलै १५८६ मध्ये मार्गेरिताचा भाऊ व्हिन्चेन्त्सो गोन्झागा याच्या रदबदलीने तास्सो सुटला आणि मांतुआला गेला. पुढची वर्षे रोम, नेपल्स, पुन्हा रोम अशी वणवणीत गेली. नेपल्समध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता मान्सो या उमरावाचा स्नेह त्याला लाभला. १६२१ मधील पहिल्या चरित्राचा कर्ता तोच, आणि १६३८ च्या अखेरीस नेपल्सला गेलेल्या मिल्टनने ज्याला लॅटिन कविता अर्पण केली तोही हाच. तास्सोने महाकाव्य आमूलाग्र नव्याने रचले. १५९३ मध्ये रोमला छापल्या गेलेल्या या चोवीस सर्गांच्या ‘जेरुसलेम्मे कोंक्विस्ताता’तून ओलिंदो आणि सोफ्रोनिया गेले, रिनाल्दो गेला आणि त्याच्याबरोबर एस्ते वंशाचा सारा गौरवही गेला. अर्पणपत्रिकेत नाव आले ते चिन्त्सिओ आल्दोब्रांदीनी या कार्डिनलचे, म्हणजे तत्कालीन पोप आठवा क्लेमेंट याच्या भाच्याचे. तास्सोला ही आवृत्ती श्रेष्ठ वाटे. वाचकांनी तिला कधीच आपले म्हटले नाही, आणि या बाबतीत वाचकांचाच न्याय खरा ठरला.

कॅपिटोलवर त्याला राजकवीचा मुकुट घालण्याचा बेत ठरला होता. तो समारंभ होण्यापूर्वीच २५ एप्रिल १५९५ रोजी रोममधील सांत’ओनोफ्रिओच्या मठात त्याचा अंत झाला.

आल्फोन्सो ऑक्टोबर १५९७ मध्ये निपुत्रिक वारला. त्याने वारस नेमलेला चुलतभाऊ चेझारे याचा पिता अनौरस ठरवून क्लेमेंटने त्याला बहिष्कृत केले आणि सैन्य धाडले. चेझारेच्या वतीने तह करायला गेली ती लुक्रेत्सिया, जिच्या महालात वीस वर्षांपूर्वी सुरी फेकली गेली होती. पोपच्या बाजूने समोर होता कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदीनी. जानेवारी १५९८ च्या फाएन्त्सा येथील करारान्वये फेर्रारा पोपच्या राज्यात विलीन झाले. चेझारे दप्तरे आणि ग्रंथ घेऊन मोदेनाला गेला. लुक्रेत्सिया महिन्याभरातच वारली. तिने आपली मालमत्ता त्याच कार्डिनलच्या नावे करून ठेवली होती. पोपच्या नव्या किल्ल्यासाठी पुढे शहराचा एक भाग पाडण्यात आला, त्यात बेल्व्हेदेरेचे उद्यानही गेले. सोळाव्या शतकाअखेर फेर्रारात ना ड्यूक उरला, ना दरबार. रिनाल्दोची वंशावळ तेवढी ‘लिबेराता’च्या प्रत्येक नव्या आवृत्तीत, कवीने ती खोडून टाकली असतानाही, छापली जात राहिली.