तीन समुद्रांपलीकडचा उपवास

रमजानचा चांद दिसला की महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांत सहरीची लगबग सुरू होते. आज कितवा रोजा, इफ्तारची वेळ किती, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सणाचा दिवस ठरवायला चंद्र आहे, भिंतीवर दिनदर्शिका आहे आणि अवतीभवती आपली माणसे आहेत. साडेपाचशे वर्षांपूर्वी कोकणात उतरलेल्या एका परदेशी माणसाजवळ यातले काहीही उरले नव्हते. आपला सण कोणत्या दिवशी येतो हेच त्याला कळेनासे झाले होते. अशा वेळी त्याने मुस्लिमांच्या उपवासाबरोबर आपला उपवास धरला. त्या माणसाचे नाव अफनासी निकितिन.

वीर स्थानकापासून वायव्येला गेले की चौल लागते आणि दक्षिणेला गेले की दाभोळ. चौलच्या बंदरात अफनासी हिंदुस्थानात उतरला आणि दाभोळच्या बंदरातून परत निघाला. मधली सुमारे तीन वर्षे त्याने सह्याद्रीच्या घाटांत आणि दख्खनच्या पठारावर काढली. तो चौलला आला ते साल बहुतेक अभ्यासक १४६९ धरतात, काही जण त्यापुढची एक-दोन वर्षे सांगतात. कोणतेही साल धरले तरी वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच्या पंचवीसेक वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

अफनासी रशियातील व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. हिंदुस्थानात यायचे असे ठरवून तो घरातून निघाला नव्हता. कॅस्पियन समुद्राकाठच्या शिरवान राज्याचा वकील मॉस्कोहून परत निघाला होता. त्याच्या सोबतीने सुरक्षित जाता येईल, या हिशेबाने रशियन व्यापारी दोन जहाजांत माल भरून निघाले. पण अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना लुटले. पुढे कॅस्पियनमध्ये वादळ झाले आणि उरलेले जहाज किनाऱ्यावर आपटले. त्यावरच्या माणसांना तिथल्या टोळीने पकडून नेले. अफनासी आणि त्याच्या सोबत्यांनी शिरवानच्या राजाकडे अर्ज-विनंत्या करून त्यांची सुटका करवली, पण घरी परतण्यासाठी मदत मात्र मिळाली नाही. ज्यांचे गावी काही होते ते परत गेले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले. अफनासी परतला नाही. रिकाम्या हाताने तो एकटाच दक्षिणेकडे निघाला. या लुटीत त्याची धर्माची पुस्तकेही गेली. ईस्टर कधी, त्याआधीचा मोठा उपवास कधी, हे त्या पुस्तकांवरून काढता येई. आता तो आधारही संपला.

दरबंदहून तो बाकूला गेला. जमिनीतून अखंड पेटत राहणारी आग त्याने तिथे पाहिली. समुद्र ओलांडून तो इराणात उतरला. देमावंदच्या डोंगराळ मुलखातून रय, काशान, यझ्द अशी एकेक गावे मागे टाकत तो होर्मुझला पोहोचला. एकेका गावी तो आठवडे, कधी महिनाभरही राहिला. होर्मुझला त्याने एक घोडा घेतला. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नाही, अरबी आणि इराणी घोड्यांना तिथे मोठी किंमत येते, हे त्याला कळले होते. आपली सगळी पुंजी त्याने त्या एका जनावरात घातली. मग ‘तावा’ नावाच्या गलबतात घोडा चढवून मस्कत, दीव, खंबायत करत सुमारे सहा आठवड्यांनी तो चौलला लागला.

चौलमध्ये हा गोरा माणूस रस्त्याने चालला की लोक कुतूहलाने त्याच्या मागे येत. तोही त्यांच्याकडे तितक्याच नवलाने पाही. लोकांचे उघडे अंग, केसांची वेणी, स्त्री-पुरुषांचे पोशाख, सगळे त्याने टिपून ठेवले. मग घोडा घेऊन तो घाटाकडे वळला. आठ दिवसांनी पाली लागली, ती बहुधा आपल्या सुधागड तालुक्यातली. पुढे उमरी आणि तिथून जुन्नर. तोवर पावसाळा लागला. चार महिने पाणी आणि चिखल, असे वर्णन त्याने केले आहे. वरंधा आणि आंबेनळी घाटातला पाऊस पाहणाऱ्यांना त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. घोड्याला इथे वाटाणे घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने नवलाने लिहिले.

त्याच्यावर खरी वेळ आली ती जुन्नरला. त्या वेळी दख्खनवर बिदरच्या बहमनी सुलतानांची सत्ता होती. जुन्नरचा कारभार असदखान पाहत असे. हा परका सौदागर मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळल्यावर खानाने त्याचा घोडा काढून घेतला. इस्लाम कबूल केलास तर घोडाही मिळेल आणि वर हजार सोन्याची नाणी मिळतील, नाहीतर घोडाही गेला आणि हजार नाणी दंडही भरावा लागेल, असे खानाने त्याला सांगितले. विचार करायला चार दिवसांची मुदत दिली. घोडा म्हणजे अफनासीची सारी मिळकत होती. घर हजारो कोस दूर, ओळखीचे कुणी नाही, आणि दिवस त्याच्या धर्मातल्या उपवासाचे. धर्माच्या बाबतीत जबरदस्तीला जागा नाही ही इस्लामची शिकवण आहे. सत्तेच्या जोरावर खानाने ती बाजूला सारली होती.

मुदत संपत आली असताना ख्वाजा महंमद नावाचा एक खोरासानी गृहस्थ तिथे आला. अफनासीने त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडले. ख्वाजा स्वतः घोड्यावर बसून खानाकडे गेला आणि त्याने शब्द टाकला. अफनासीचा धर्म राहिला आणि घोडाही परत मिळाला. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ताच्या नावाचा एक सण होता. हा आपल्यावर झालेला देवाचा चमत्कारच, असे अफनासीला वाटले. धमकी देणारा मुसलमान होता आणि सोडवणाराही मुसलमान होता. अफनासीने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या.

जुन्नरहून तो राजधानी बिदरला गेला. तिथे वजीर महमूद गावान यांचा दबदबा होता. त्यांनी बांधलेल्या मदरशाची भव्य इमारत आजही बिदरला पाहायला मिळते. तोवर मुसलमानी मुलखात अफनासी ख्वाजा यूसुफ खोरासानी या नावाने वावरत होता. बिदरला त्याची अनेक हिंदू कुटुंबांशी ओळख झाली. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत आणि आपले खरे नाव अफनासी आहे, हे त्याने त्यांना सांगून टाकले. त्यानंतर त्यांनीही आपले खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही. शिवरात्रीच्या सुमारास तो त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. ख्रिस्ती माणसाला जेरुसलेम आणि मुसलमानाला मक्का, तसे यांना हे ठिकाण, अशी त्याने आपल्या मनाशी सांगड घातली.

पण मन घराकडे लागले होते. व्यापारही जमला नव्हता. रशियात खपेल असा माल त्याला इथे फारसा मिळाला नाही. जो होता त्यावर जकात भारी होती आणि समुद्रात चाचे होते. इराणकडच्या वाटांवर लढाया चालू होत्या. त्याहून मोठे दुःख म्हणजे कितवा दिवस, कोणता सण, काही कळत नव्हते. बिदरला रात्री आकाशात कृत्तिका आणि मृग पाहून तो ईस्टरचा अंदाज बांधी. मुस्लिमांच्या ईदवरूनही हिशेब करी. शेवटी मुस्लिमांचे रोजे सुरू झाले तसा त्यानेही महिनाभराचा उपवास धरला. मांस वर्ज्य केले, दिवसातून दोनदा भाकरी आणि पाणी एवढ्यावर राहिला आणि प्रार्थना मात्र ख्रिस्ताची केली. त्याने धर्म बदलला नाही. आपला उपवास चुकू नये म्हणून त्याने शेजाऱ्यांच्या चंद्राचा आधार घेतला. देवाला हाक मारताना त्याच्या लिखाणात रशियन शब्दांच्या बरोबरीने तुर्की, फारसी आणि अरबी शब्द येऊ लागले. खुदा आणि अल्लाह ही नावे त्याने त्याच भावनेने लिहिली.

अखेर तो दाभोळला आला. गलबताच्या तांडेलाला दोन सोन्याची नाणी देऊन त्याने होर्मुझपर्यंतची जागा ठरवली. जहाज भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांना तांदूळ, मिरी आणि भाकरी वाटून प्रवासी कसेबसे सुटले. मग मस्कत, होर्मुझ, शिराझ, इस्फहान, तबरीझ आणि पुढे काळ्या समुद्रावरचे त्राब्झोन. तिथे हेर समजून त्याच्या सामानाची झडती झाली आणि चांगल्या वस्तू गेल्या. तरीही काळा समुद्र ओलांडून तो काफा बंदराला पोहोचला. त्वेर मात्र त्याला पुन्हा दिसले नाही. वाटेत स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हाताने लिहिलेल्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि १४७५ मध्ये त्या राजाच्या चिटणिसाकडे पोहोचल्या. कॅस्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र ओलांडून केलेल्या या प्रवासाचे वर्णन ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखले जाते. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन दिग्दर्शकाच्या साथीने त्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट केला. चौललगतच्या रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात २००२ मध्ये अफनासीचा स्मारकस्तंभ उभारण्यात आला.

व्यापारी म्हणून अफनासीच्या हाती काही लागले नाही. लुटीत माल गेला, परतीच्या वाटेत उरलेसुरलेही गेले. शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिला तो त्याचा धर्म. तो टिकवायला जुन्नरला एका खोरासानी मुसलमानाचा शब्द उपयोगी पडला, बिदरला हिंदू कुटुंबांचा विश्वास मिळाला आणि दिवस मोजायला रमजानचा चंद्र मिळाला. आपल्या गावात आज कुणाचा रोजा असेल, कुणाची एकादशी असेल, कुणाचा लेंटचा उपवास असेल. शेजाऱ्याच्या उपवासाची आठवण ठेवणे ही केवढी मोठी मदत असते, हे परमुलखात एकट्या पडलेल्या या माणसाला चांगले समजले होते.