डिग्री नाही, नोकरी नाही, तरी देशाला पक्षी मोजायला शिकवणारा माणूस : डॉ. सलीम अली

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, तर १२ तारीख डॉ. सलीम अली यांच्या जन्माची. कोल्हापुरातही या दिवसांत रंकाळा, कळंबा तलाव इथं पक्षीप्रेमी दुर्बिणी घेऊन जमतात. पण आपल्या घराघरांत मुलांना विचारलं, तर सलीम अली कोण हे सांगणारी मुलं थोडीच निघतील. ‘पक्षीवाले’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून यंदा त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगावी, असं आम्हाला वाटलं.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. वय एक वर्षाचं असताना वडील मोइझुद्दीन यांचा इंतकाल झाला आणि तीन वर्षांचे असताना आई जीनतुन्निसा गेल्या. या यतीम मुलांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात वाढवलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तय्यबजी घराणं म्हणजे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बदरुद्दीन तय्यबजी यांचं घराणं. माणसांनी भरलेलं घर होतं, आणि पोरक्या मुलांना पोरकेपण जाणवू नये एवढी माया तिथं होती.

मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी छोट्या सलीमला छर्‍याची बंदूक दिली. चिमण्या टिपायच्या, त्या हलाल करून घ्यायच्या आणि शिजवून खायच्या, असा मुलांचा उद्योग चाले. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग मुसलमान मुलाला ती खाणं जायज आहे का, असा प्रश्न त्या मुलाला पडला. तो चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामांनाही ओळख पटेना. त्यांनी मुलाला गप्प बसवलं नाही, तर चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड साहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि कपाटं उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून हा मुलगा पक्ष्यांचा झाला.

पण शाळेत गाडी काही रुळावर नव्हती. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीचा त्रास सुरू झाला आणि शाळा वरचेवर सुटू लागली. १९१३ साली ते मॅट्रिक कसेबसे पास झाले. झेवियर्स कॉलेज अर्ध्यावर सोडलं आणि घरच्या लाकडाच्या व टंगस्टनच्या खाणीच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तव्हॉयला गेले. तिथल्या जंगलात पक्षी भरपूर पाहिले, धंदा मात्र जमला नाही. १९१७ साली परत आल्यावर दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागले. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. विद्यापीठाची पदवी मात्र मिळालीच नाही. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला.

या पदवीनं पुढं त्यांची वाट अडवली. झूऑलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षीतज्ज्ञाची जागा निघाली, पण डिग्री नसल्यानं ती मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपये पगारावर गाइड लेक्चररची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी कशी घालायची, त्यावरून त्यांचा प्रवास कसा शोधायचा, हे त्यांनी तिथं पाहिलं. १९३० साली मुंबईला परतले, तर म्युझियमनं पैशांअभावी ती जागाच रद्द केली होती.

वय चौतीस, घरात बायको आणि हातात नोकरी नाही. अशा वेळी आपल्याकडे माणूस मिळेल ते काम धरतो. हे नवराबायको अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी खोपे बांधायला घेतले होते. सलीम अली रोज तासन् तास त्यांच्यासमोर बसले आणि वहीत नोंदी केल्या.

शाळेतल्या कवितेमुळे आपल्या डोक्यात बसलंय की खोपा मादी विणते. सलीम अलींना दिसलं ते वेगळंच. नर एकामागून एक खोपे अर्ध्यापर्यंत विणतो. मग माद्यांचा थवा येऊन खोपे तपासतो. एखादीला खोपा पसंत पडला की ती तिथं ठाण मांडते, नर तो पुरा करतो, ती अंडी घालते. मादी उबवायला बसली की नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसर्‍या मादीची वाट पाहतो. हा अभ्यास सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि बेकार बसलेल्या माणसाचं नाव जाणकारांत झालं. कोल्हापूरच्या आसपास विहिरीवर वाकलेल्या बाभळीला असे खोपे लटकलेले असतात. पावसाळ्यात मुलांना घेऊन जा, हा सगळा संसार डोळ्यांनी दिसतो.

त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी काम तयार केलं. संस्थानांच्या मुलखात कुठले पक्षी राहतात याची धड नोंद नव्हती. मला पगार नको, मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च तेवढा द्या, मी पाहणी करतो, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. १९३१ पासून हैदराबाद, मग त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर असे मुलूख त्यांनी पालथे घातले. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडाही होता. तहमिना बेगम तंबूत त्यांच्याबरोबर राहत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांनी त्यांना पाली हिलच्या आपल्या घरी आणलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

१९४१ साली त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. साध्या माणसानं पक्षी ओळखावा म्हणून लिहिलेलं हे पुस्तक आजही विकत मिळतं. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेले आणि सोसायटी पैशांअभावी डगमगली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन मदत मिळवली. पुढं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. कर्नाटकात क्यासनूरचा ताप, म्हणजे आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात ज्याला माकडताप म्हणतात तो, नुकताच सापडला होता आणि स्थलांतर करणारे पक्षी असले रोग आणतात का, हे पाहायचं होतं. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले. ते १९६८ ते १९७४ या काळात निघाले.

आज अभयारण्यात वन्यजीव जीवशास्त्रज्ञ जे काम करतो, म्हणजे प्राणी-पक्षी मोजणं, पाण्याचा नि गवताचा हिशेब ठेवणं, हाताखालच्या पोरांना नोंदी शिकवणं, ते सलीम अलींनी असं पद नसताना केलं. या कामात मोठी माणसंही चुकतात, हेही सांगायला हवं. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळ जागेला संरक्षण मिळावं म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. महाराजांच्या बदकांच्या शिकारीची ती जागा राष्ट्रीय उद्यान झाली. तिथं गुरं चारणं बंद व्हावं, असं अनेक तज्ज्ञांप्रमाणे सलीम अलींचंही मत होतं. १९८२ साली चराईबंदी झाली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसांचे जीव गेले. पण सलीम अलींच्याच सोसायटीनं भरतपूरचा दहा वर्षं अभ्यास केला, तेव्हा उलट निष्कर्ष निघाला. म्हशी नसल्यामुळे पाण्यात गवत माजलं आणि उघडं पाणी कमी झाल्यानं पक्ष्यांचीच अडचण झाली. सोसायटीनं आपल्याच थोर माणसाच्या मताविरुद्धचं हे सत्य लपवलं नाही, छापलं. नोंदवहीत जे येईल ते खरं, हा धडा त्यांनीच तर दिला होता.

आपल्या जिल्ह्याला हा धडा लागू आहे. राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. गवे उसात शिरतात, कधी शहराच्या वेशीपर्यंत येतात. शेतकर्‍याचं नुकसान होतं आणि माणूस विरुद्ध जनावर असा वाद पेटतो. अशा वेळी नुसती आरडाओरड कामाची नाही. कुठल्या महिन्यात कळप कुठं असतो, जंगलात पाणी नि चारा किती आहे, हे मोजणारी माणसं लागतात, आणि गावातल्या म्हातार्‍या गुराख्याचं ऐकून घेणारीही लागतात.

सलीम अलींना १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण मिळालं. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणासाठी देऊन टाकली. केरळचं सायलेंट व्हॅली जंगल धरणापासून वाचवण्यात त्यांचा आवाज होता. १९८५ साली ते राज्यसभेवर नेमले गेले आणि १९८७ साली, नव्वदाव्या वर्षी, त्यांचा इंतकाल झाला. औरंगाबादचं सलीम अली सरोवर, गोव्यात चोडणचं पक्षी अभयारण्य, कोइमतूरची संशोधन संस्था यांना त्यांचं नाव आहे.

आमचं पालकांना एवढंच सांगणं आहे. आज वाट तेव्हापेक्षा सोपी आहे. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकता येतं, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत पुढचं शिक्षण आहे, वनसेवेच्या परीक्षा आहेत. मुलगा असो की मुलगी, डॉक्टर-इंजिनियरच्या पलीकडची ही तालीमही इज्जतीची आहे. आणि घरातलं पोर एखादा किडा किंवा पंख हातात घेऊन काही विचारायला आलं, तर त्याला हाकलू नका. उत्तर आपल्याला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे घेऊन जा. अमिरुद्दीन मामांनी एवढंच केलं होतं.