डॉ. आनंदीबाई जोशी : दहा दिवसांचं बाळ आणि एक डॉक्टर



पहिली महिला डॉक्टर कोण, असं वर्गात विचारलं की मुलं पटकन आनंदीबाई जोशींचं नाव सांगतात. पण त्या डॉक्टर का झाल्या, असं विचारलं की वर्ग शांत होतो. त्याचं उत्तर एका तान्ह्या बाळापाशी सापडतं. म्हणून आजचा पाठ मुलांपुरता नाही, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रत्येक घरासाठी आहे.

बालपण आणि लग्न

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना, घर कल्याणचं. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव विधुर, टपाल खात्यात नोकरीला आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी ते प्रसंगी फार कठोरही वागत. मुलांना हे सांगताना दोन्ही बाजू सांगा. त्यांच्या हट्टामुळे आनंदीबाई शिकल्या हे खरं आणि त्या हट्टाचा त्रास त्यांनी सोसला हेही खरं.

ते दहा दिवस

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. आई स्वतःच अजून मूल होती. बाळ फक्त दहा दिवस जगलं. आपल्याकडे बारसं साधारण बाराव्या दिवशी होतं; ते बाळ तिथवर पोचलंच नाही.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाती. डॉक्टर म्हणजे पुरुष आणि पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत कोण बोलावणार? त्यामुळे बाळ नीट पितं का, त्याचा श्वास कसा चाललाय, अंग गार पडलंय का, हे जाणत्या नजरेने बघणारं कुणी नसायचं. वेळेवर औषधपाणी न मिळाल्याने बाळ गेलं, याची जखम आनंदीबाईंच्या मनात राहिली. बायका-मुलांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा विचार तिथून पक्का होत गेला.

सातासमुद्रापलीकडे

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. तिथल्या श्रीरामपुरात (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे बरं का!) १८८३ साली आनंदीबाईंनी भरसभेत भाषण केलं आणि आपण वैद्यकी शिकायला अमेरिकेत का चाललो ते लोकांना समजावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही. साडी आणि शाकाहार सोडायचा नाही, हे ठरवलं होतं, ते पाळलंही.

न्यू जर्सीतल्या कार्पेंटर बाईंनी त्यांना पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. थंडी, परकं अन्न, खालावत चाललेली तब्येत, तरी अभ्यास सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत आपलं बाळ गेलं, त्याच खोलीचा विषय त्यांनी अभ्यासाला घेतला होता, बघा.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली गेली. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

आज बाळाला कोण बघतं?

आनंदीबाईंना जे करायचं होतं, त्यातलं बरंच काम आज आपल्या गावात होतं. दवाखान्यात बाळ जन्मलं की डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. वजन, श्वास, हृदयाचे ठोके, टाळू, ओठ आणि तोंडातला वरचा भाग, डोळे, पाठीचा कणा, खुब्याचे सांधे, पावलं, शी-शूची जागा. वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर जास्त जपावं लागतं.

घरी आल्यावर आशाताई येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवशीसुद्धा. अशा घरभेटींचा उपयोग किती मोठा, हे आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामाने दाखवून दिलं. आता हिशोब करा. आनंदीबाईंचं बाळ आज जन्मलं असतं, तर त्या दहा दिवसांत आशाताई निदान दोनदा घरी येऊन गेल्या असत्या.

ही लक्षणं दिसली तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा :

- बाळ दूध ओढत नाही किंवा फार सुस्त पडलंय
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते
- अंग गार किंवा तापलेलं
- तळहात-तळपाय पिवळे, किंवा पहिल्याच दिवशी कावीळ
- झटके
- बेंबीतून पू, भोवती लाली

आणि एक विनंती. बाळ झोपलंय, दृष्ट लागेल, नंतर या, असं म्हणून आशाताईंना दारातून परत पाठवू नका. बाळाचे कपडे काढून त्यांना नीट बघू द्या. पहिला चीक फेकू नका, मध किंवा घुटी चाटवू नका.

शिक्षकांनी काय करावं?

जन्मतः ऐकू कमी येणारं मूल वेळेत सापडलं नाही, तर ते पहिलीत आपल्यासमोर बसतं आणि हाकेला ओ देत नाही. आपण त्याला दुर्लक्ष करणारं समजतो. तोवर बोलणं शिकायची मोलाची वर्षं निघून गेलेली असतात. वाकडी पावलंसुद्धा पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झाले तर चांगली सरळ होतात. विदर्भात सिकलसेल आहे, त्याचीही रक्ततपासणी लवकर झालेली बरी. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा अशी मुलं त्यांना आवर्जून दाखवा.

हा पाठ शिकवून झाला की मुलांना एक गृहपाठ द्या : घरात किंवा शेजारी लहान बाळ असेल, तर आशाताई कोणकोणत्या दिवशी येऊन गेल्या ते आईला विचारून वहीत लिहा. एखादा दिवस राहून गेलेला दिसला, तर तुम्ही स्वतः आशाताईंना निरोप द्या.