रात्रपाळीच्या घरातला झुंजार

चंद्रकांत सखाराम चव्हाण कोण, असे विचारले तर बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. बाबूराव अर्नाळकर म्हणा, की घरातले आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून सरसावून बसतील. माणूस एकच! १९०६ साली जन्मलेले बाबूराव मुंबईत चष्म्याचा व्यवसाय करीत. तो सांभाळून त्यांनी रहस्यकथा लिहायला घेतल्या आणि पाहता पाहता त्यांची संख्या हजारावर गेली.

त्यांचा धनंजय हा खासगी गुप्तहेर. अंगावर पोलिसाचा गणवेश नाही. हाताशी छोटू आणि भांडवल म्हणजे तल्लख डोके. काळा पहाड धनदांडग्या दुर्जनांना लुटून गरिबांच्या पाठीशी उभा राही. झुंजारच्या साहसांत पत्नी विजयाही असे. इंग्रजी रहस्यकथांचे वळण बाबूरावांनी उचलले खरे, पण त्यातली माणसे मराठी वाचकाला आपली वाटली.

मुंबईच्या या लेखकाचे पिंपरी-चिंचवडशी नाते काय, असे कुणी विचारील. माझ्यापुरते तरी ते फार जवळचे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. गावोगावची माणसे पोटासाठी इकडे आली, त्यांत आमचेही घर होते. वडिलांना रात्रपाळी असली की दोन खोल्यांत आई आणि आम्ही तीन भावंडे. आई चौथी शिकलेली. शेजार नवा, ओळखपाळख नाही. दाराची कडी दोनदा तपासून ती जागीच राही. अशाच एका रात्री, वडिलांनी वाचनालयातून आणलेले झुंजारचे पुस्तक तिने अक्षर अक्षर लावत वाचायला घेतले. पुढे पुस्तक बदलायला ती स्वतःच जाऊ लागली. तिथे चार बायकांशी ओळख झाली आणि परके गाव आपले झाले. काही वर्षांनी तिच्या हातात हरिभाऊ आपटे आणि साने गुरुजी दिसू लागले.

हे श्रेय मी बाबूरावांना देतो. त्यांच्या कथांत खून पडत, तिजोऱ्या फुटत. पण पुस्तक पोराबाळांपासून लपवावे लागत नसे. शेवटी गुन्हेगार सापडे आणि न्याय होई. दिवसभर यंत्रापाशी राबलेल्या माणसाला तेवढा दिलासाही पुरे होता.

साहित्याच्या दरबारात मात्र बाबूरावांना कायम मागच्या रांगेत बसवले गेले. त्यांच्या लेखनात घाई होती, तेच ते योगायोग होते, हे मान्य. पण वाचक जन्माला येतो तो काही थेट गंभीर कादंबरी हातात घेऊन येत नाही. कुणीतरी त्याचे बोट धरून पहिली पाने उलटवावी लागतात. ते काम बाबूरावांनी असंख्य घरांत केले.

१९९६ साली ते गेले. त्यांची स्वस्त कागदावरची पुस्तके हातोहात फिरून फाटली, उरलेली रद्दीत गेली. निगडीपासून चाकणपर्यंत आजही हजारो घरांत रात्रपाळी आहे, जागी राहणारी माणसेही आहेत. तुमच्या माळ्यावर बाबूरावांची एखादी जीर्ण प्रत असेल, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या. कुणाच्या तरी घरी अजून पहिले पुस्तक यायचे असेल.